डाव्या हाताची कसोटी

१९६०च्या आगेमागे टोकियोच्या शिंजुकु भागात त्सुतोमु काटो नावाचे गृहस्थ एक नाइटक्लब चालवत. तिथे तादाशी ओसानाई अकॉर्डियन वाजवायचे आणि त्यांच्या साथीला माणूस नसायचा, यंत्र असायचं. अमेरिकेतल्या वुर्लित्झर कंपनीने १९५९मध्ये काढलेलं हे ‘साइडमॅन’ म्हणजे एक लाकडी कपाटच. आत संपर्कबिंदूंची तबकडी, तिच्यावरून फिरणारं पातं आणि वाल्व्हमधून निघणारे ढोल-झांजांसारखे आवाज. ओसानाईंचं त्या यंत्राशी काही जमेना. याहून चांगलं आपण बनवू, पैसे तुम्ही घाला, असं त्यांनी क्लबच्या मालकांनाच सांगितलं. १९६२मध्ये दोघांनी कंपनी काढली आणि १९६३मध्ये ‘डोंकामॅटिक’ हे त्यांचं पहिलं ठेकायंत्र बाजारात आलं. ती कंपनी म्हणजे आजची कॉर्ग.

ओसानाईंची तक्रार साथीबद्दल होती, आणि अरेंजर कीबोर्ड विकत घेणाऱ्याचीही तीच असायला हवी. प्रत्यक्षात दुकानात उलटं घडतं. गिऱ्हाईक उजव्या हाताने बासरी वाजवून बघतं, मग सतार, मग सॅक्सोफोन, आणि टोन किती आहेत ते विचारतं. हजार आहेत असं कळलं की दुसऱ्या कंपनीचे बाराशे आहेत म्हणून तिकडे वळतं. आज मधल्या किमतीच्या कुठल्याही नामांकित वाद्यात कार्यक्रम निभावण्याइतके चांगले आवाज असतात. वाद्यं खरी वेगळी होतात ती डाव्या हाताखाली. तुम्ही कॉर्ड धरल्यावर यंत्र काय समजतं, किती लवकर समजतं, आणि गायकाने एक ओळ ऐनवेळी दुसऱ्यांदा घेतली तर ते तुमच्याबरोबर थांबतं की पुढे निघून जातं, या प्रश्नांची उत्तरं टोनच्या यादीत मिळत नाहीत.

अरेंजर म्हणजे काय ते इथे एकदा सांगून टाकतो. पट्ट्यांचे दोन भाग होतात. डावीकडे कॉर्ड धरायचा, उजवीकडे चाल वाजवायची. कॉर्ड ओळखून यंत्र ठेका, बास, गिटार, स्ट्रिंग्ज असा अख्खा ताफा त्या सुरावर चालवतं. या ताफ्याच्या एका संचाला स्टाइल म्हणतात. तिच्यात सुरुवातीचा इंट्रो, मुखडा-अंतऱ्यासाठी तीन-चार व्हेरिएशन, त्यांना जोडणारे फिल-इन, एक ब्रेक आणि शेवटाचे दोन-तीन प्रकार असतात. सिंथेसायझर आणि वर्कस्टेशन दिसायला सारखेच, पण कॉर्डमागे धावणारा हा ताफा त्यांचा मुख्य धंदा नव्हे.

डाव्या हाताने एकच जागा दाबायची आणि पूर्ण कॉर्ड मिळवायचा, ही कल्पना मुळात अकॉर्डियनची आहे. अकॉर्डियनच्या डाव्या बाजूला बटणांच्या ओळी असतात. एका बटणात बासचा सूर, शेजारच्या बटणात मेजर कॉर्ड, पुढच्यात मायनर. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर मार्के नावाचा प्रांत आहे. तिथल्या कास्तेलफिदार्दो या गावात पाओलो सोप्रानी यांनी १८६३मध्ये अकॉर्डियन बनवायला सुरुवात केली आणि आसपासची गावंच्या गावं या धंद्यात शिरली. पुढे अकॉर्डियनची मागणी ओसरली, कारागिरांनी इलेक्ट्रॉनिक ऑर्गन हाती घेतला, आणि त्यातूनच अरेंजरचा धंदा उभा राहिला. कॉर्गची ‘पीए’ मालिका जिथे घडली ते ओसिमो कास्तेलफिदार्दोच्या शेजारचं. केट्रॉन अंकोनाची. रोलँड मूळची ओसाकाची, इकुतारो काकेहाशी यांनी १९७२मध्ये काढलेली. पण तिचेही अरेंजर बरीच वर्षं याच प्रांतातल्या अक्वाविवा पिचेना या गावी बनत होते आणि १९८८चा ‘ई-२०’ त्यांतला सुरुवातीचा. म्हणजे पेटीवर जपानी नाव असलं तरी आतली साथीची समज बऱ्याचदा इटलीच्या लग्नांतून आणि नाचांच्या कार्यक्रमांतून आलेली असते. वॉल्ट्झ, पोल्का, टँगो या वाद्यांना जन्मजात येतात. केरवा शिकवावा लागतो.

यामाहाचं कूळ वेगळं. तोराकुसु यामाहा यांनी १८८७मध्ये हामामात्सुत एका शाळेचा रीड ऑर्गन दुरुस्त केला आणि मग स्वतः बनवायला घेतला. आपली पेटी त्याच रीड ऑर्गनची भाऊबंद. कॅसिओ तर गणकयंत्रवाली. १९८०मध्ये ‘कॅसिओटोन २०१’ आणून तिने कीबोर्ड मध्यमवर्गीय घरात नेला, आणि आपल्याकडे गावोगावी अजूनही कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. तिला हसणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९८१च्या ‘एमटी-४०’ या छोट्या कॅसिओत हिरोको ओकुदा या तरुण कर्मचारी बाईंनी ‘रॉक’ नावाचा एक अंगभूत ठेका भरला होता. जमैकातल्या दोन पोरांना तो सापडला, किंग जॅमी या निर्मात्याने त्याची लय उतरवली आणि १९८५मध्ये वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणं निघालं. त्या गाण्याने रेगे संगीताची दिशाच बदलली. अंगभूत ठेका वापरणं कमीपणाचं, असं समजणाऱ्या कलाकारांशी बोलताना मी ही गोष्ट हमखास काढतो.

आता डाव्या हाताकडे येऊ. नवशिक्यासाठी प्रत्येक कंपनीने एका-दोन बोटांत कॉर्ड धरायची सोय ठेवलेली असते, आणि इथेच कंपन्यांची पद्धत जुळत नाही. कॅसिओवर एक पट्टी दाबली की मेजर. तिच्या उजवीकडची कुठलीही दुसरी पट्टी सोबत दाबली की मायनर. उजवीकडे दोन दाबल्या की सेव्हन्थ. यामाहावर मूळ पट्टीसोबत डावीकडची जवळची काळी दाबली की मायनर, डावीकडची पांढरी दाबली की सेव्हन्थ. घरच्या कॅसिओवर पाच वर्षं हात बसलेला मुलगा पहिल्यांदा यामाहाच्या स्टेजवर उभा राहतो तेव्हा त्याचा मायनर हुकतो, आणि मंडळी समजतात की पोरगं घाबरलं. ज्याला पुढेमागे कार्यक्रम करायचे आहेत त्याने या सोयीच्या नादी लागूच नये. तीन बोटांनी पूर्ण कॉर्ड धरायला शिकावं. तो हात सगळ्या कंपन्यांवर चालतो.

पण पूर्ण कॉर्ड धरला म्हणजे आपलं गाणं वाजलं असं होत नाही, कारण आपल्या चाली कॉर्डमधून निघालेल्या नसतात. वृंदावनी सारंगाच्या अंगाची एखादी चाल घ्या. या रागात गंधार नाही. तुम्ही डाव्या हाताने सा-ग-प असा साधा मेजर धरलात की गिटार, स्ट्रिंग्ज, पियानो सगळे मिळून गंधार ठोकत बसतात आणि गाणाऱ्या बाई तुमच्याकडे वळून बघतात. अशा वेळी फक्त सा आणि प धरायचे. यामाहा आणि कॉर्ग दोघांकडे हा गंधाराविना कॉर्ड वेगळा ओळखला जातो आणि साथ तेवढ्याच दोन सुरांवर चालते. काही स्वस्त वाद्यं मात्र दोन सूर बघून अंदाज बांधतात, आणि अंदाज बांधताना मनचा गंधार घालतात.

मालकंस आणखी नडतो. तिथे पंचमच नाही, त्यामुळे षड्जावरचा मेजरही चुकीचा आणि मायनरही. कामाला येतो तो मध्यमावरचा मायनर, म्हणजे म, कोमल ध आणि सा. तिन्ही सूर रागातले. पण साधा कॉर्ड धरला की बास मध्यमावर जाऊन बसतो आणि षड्जाचा पाया सुटतो. आपल्याला बास सावरच हवा. यासाठी यामाहात ‘फिंगर्ड ऑन बास’ नावाची पद्धत आहे: सर्वांत खालचा सूर जो धराल तोच बास. खाली सा ठेवून वर म आणि ध धरला की काम झालं. कॉर्गमध्ये ‘बास इन्व्हर्जन’ हेच काम करतं. भावगीत, नाट्यगीत, अभंग वाजवणाऱ्याला ही सोय हजार टोनांहून मोलाची, आणि ती बटणावर आहे की मेन्यूत चार पायऱ्या आत आहे, हे दुकानातच बघायचं. यामाहात आणखी एक ‘एआय फिंगर्ड’ पद्धत असते. तीनपेक्षा कमी सूर धरले तरी आधीच्या कॉर्डवरून ती पुढचा ओळखते. नाचाच्या गाण्यांना ती छान. रागाच्या अंगाच्या गाण्यांना मी ती बंद ठेवायला सांगेन, कारण तिचा अंदाज पाश्चात्त्य वळणाचा असतो.

ठेक्याचा प्रश्न याहून सोपा वाटतो, पण नाही. केरवा आठ मात्रांचा, चार-चारच्या मापात बसतो. दादरा सहाचा, तोही बसतो. रूपकाच्या सात मात्रांना सातच्या मापाची स्टाइल लागते, आणि ती कारखान्यातून आलेल्या साठ्यात सापडली तर नशीब. शिवाय बसणं वेगळं आणि वाजणं वेगळं. वाद्यातला तबला म्हणजे एकेका पट्टीवर एकेक बोल ठेवलेला असतो: ना इथे, तिं तिथे, घे त्याच्या शेजारी. डग्ग्यावरची घसीट हा बोल नसून एक हालचाल आहे. ती वेगळी रेकॉर्ड करून वेगळ्या पट्टीवर ठेवली असेल तरच येते. ढोलकीचं तसंच. लावणीतली ढोलकी चार मापांचा एक तुकडा पुनःपुन्हा वाजवत राहिली की दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत प्रेक्षकांच्याही लक्षात येतं. उपाय दोन. एक, ढोलकीवाला स्टेजवर बसवायचा आणि स्टाइलमधला ठेका म्यूट करून फक्त बास, गिटार, स्ट्रिंग्ज ठेवायच्या. दोन, स्टाइल स्वतः बांधायची. मला पहिला उपाय जास्त पटतो. त्यात एका माणसाला काम मिळतं आणि गाणंही श्वास घेतं.

भारतासाठी वेगळी मॉडेलं निघतात ती याच गरजेतून. यामाहाची ‘पीएसआर-आय’ मालिका, म्हणजे आय४२५, आय४५५, आय५००, आणि कॅसिओची ‘आयएन’ शेपटीची मॉडेलं, जशी सीटी-एक्स८७०आयएन किंवा सीटी-एक्स९०००आयएन. यांत भारतीय वाद्यांचे आवाज आणि ठेके भरलेले असतात; आय५००मध्ये तानपुरा आणि तबला देणारी ‘रियाज’ नावाची सोयही आहे. शिकण्यासाठी, शाळेच्या गॅदरिंगसाठी, सोसायटीच्या गणपतीसाठी ही वाद्यं पुरतात. मोठ्या स्टेजवर त्यांची अडचण आवाजाची नसते, अडचण गाणी मांडून ठेवण्याची असते.

ते मांडून ठेवणं म्हणजे काय, हे कार्यक्रम केल्याशिवाय कळत नाही. तीन तासांत तीसेक गाणी. प्रत्येक गाण्याची स्टाइल वेगळी, लय वेगळी, पट्टी वेगळी. मुखड्याआधीच्या तुकड्याला व्हायोलिन, पहिल्या अंतऱ्याआधी मेंडोलिन, दुसऱ्याआधी बासरी. निवेदकाचं वाक्य संपायच्या आत हे सगळं हाताखाली यायला हवं. यामाहा हे ‘रजिस्ट्रेशन’मध्ये साठवते. वाद्याची त्या क्षणाची सगळी स्थिती एका बटणात. पीएसआर-एसएक्स९००वर अशी आठ बटणं ओळीत असतात आणि त्यांचे गट पेनड्राइव्हवर हवे तितके. गाण्याचा एक गट, बटणं गाण्यातल्या क्रमाने, पायाखालच्या पेडलने पुढे सरकायचं. कॉर्ग ‘साँगबुक’ देते: गाण्यांची यादी, नाव शोधा, निवडा, स्टाइल-लय-पट्टी-टोन सगळं हजर. यामाहाने पुढे जेनोस आणि एसएक्स मालिकेत ‘प्लेलिस्ट’ आणून हे अंतर बरंच कमी केलं. तरीही मनाची ठेवण वेगळी राहते. ठरलेला कार्यक्रम, ठरलेला क्रम, तालमी झालेल्या, अशा मंडळींना यामाहाची रांग सोयीची. फर्माईश आली की यादीतून गाणं उपसायचं, अशा लग्नातल्या किंवा हॉटेलातल्या कलाकाराला कॉर्गची यादी. याखेरीज कॉर्गच्या पीए मालिकेत दोन गाणी एकाच वेळी चढवून एकातून दुसऱ्यात सरकवायचा फेडर असतो; नाच थांबू द्यायचा नाही अशा ठिकाणी त्याची किंमत कळते.

गोव्यातल्या हॉटेलांत आणि किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये एकटा माणूस कीबोर्ड आणि माइक घेऊन अख्खी संध्याकाळ काढतो. त्याला ‘वन मॅन बँड’च म्हणतात. मला या मंडळींचं फार कौतुक वाटतं. हिंदी चित्रपटसंगीतात दोन ओळींमधले तुकडे आणि व्हायोलिनच्या फौजा ज्यांनी लिहून काढल्या ते सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस मूळचे गोव्याचेच. त्यांच्या पुढच्या पिढ्यांतला कुणी आज त्याच कामासाठी यंत्राच्या डाव्या बाजूला तीन बोटं ठेवतो. अशा एकट्या गायक-वादकाला माइकची सोय बघावीच लागते. यामाहाच्या एसएक्स९००मध्ये ‘व्होकल हार्मनी’ आहे, म्हणजे तुम्ही गाताना डाव्या हातातल्या कॉर्डप्रमाणे मागे कोरस उभा राहतो. तिच्याच धाकट्या बहिणीत, एसएक्स७००मध्ये, माइक लावता येतो पण कोरस मिळत नाही. कॉर्गकडेही तसंच: पीए१०००मध्ये टीसी-हेलिकॉनचा आवाजाचा संच, पीए७००मध्ये माइकसाठी साधी प्रक्रिया. दोन्हीकडे थोरलं घ्यावं की धाकटं हा निर्णय या एका गोष्टीवर करायला हरकत नाही. तुम्ही गात नसाल तर धाकटं घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला स्टँड, दोन पेडल आणि कडक केस घ्या.

आवाजांच्या पोताबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, नाहीतर वाचक रागावतील. यामाहाचे आवाज स्वच्छ, मोकळे, रेकॉर्डसारखे. गिटार, सॅक्स, ट्रम्पेट यांत तिचा ‘सुपर आर्टिक्युलेशन’चा प्रकार फार पुढे गेलेला आहे. म्हणजे पट्ट्या जोडून वाजवल्या की सूर ओढला जातो, तोडून वाजवल्या की फुंकर नव्याने लागते. कॉर्गचे आवाज भरदार, किंचित खरखरीत, ढोल-बास छातीत लागणारे. तिच्या सूरभेदांना ‘डीएनसी’ म्हणतात. मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली कॉर्गचा ठेका उठून येतो, नाट्यगृहात यामाहाची बासरी. हे माझं मत आहे, आणि उलट मत असलेले उत्तम वादक मला माहीत आहेत. मींडेसाठी सूर वाकवायची कांडी की चाक, हा मात्र मताचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. एसएक्स९०० आणि पीए७०० दोन्हींवर कांडी आहे. जुन्या पीएसआर-एस मालिकेवर चाकं होती. पेटीवरून आलेल्या हाताला दोन्ही नवी, म्हणून दुकानात मारव्याचा कोमल रिषभ षड्जावर आणून बघा.

मग रोलँडचं काय? महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रात, बँडच्या गाडीवर, बेंजो पार्टीत जो कीबोर्ड पदोपदी दिसतो तो एक्सपीएस-१०, आणि तो अरेंजर नाही. डाव्या हाताच्या कॉर्डमागे धावणारी साथ त्यात नसते. त्यात भारतीय आवाज आहेत, वजन कमी, किंमत आवाक्यातली, आणि रोलँडच्याच ऑक्टोपॅडने ठेक्याची बाजू आधीच सांभाळलेली असते. ढोल, ताशा, ऑक्टोपॅड, बास असा माणसांचा ताफा असेल तर अरेंजरची गरज नाही, हे मान्य करायला हवं. कीबोर्डवाल्याने तुकडे वाजवायचे आणि कॉर्ड धरायचे, बस्स. अशा मंडळींनी मोठा अरेंजर घेतला की त्याचा अर्धा भाग कायम बंद राहतो. गायक एक, वादक एक-दोन, असा ताफा असेल तेव्हाच अरेंजर पैसे वसूल करतो.

रोलँडच्या अरेंजरचं दुसरं एक दुखणं आहे. त्यांचा इटलीतला कारखाना बंद झाला, ई-ए७ सारखी मॉडेलं मग येऊन गेली, पण पूर्वीचा ओघ राहिला नाही. टेक्निक्सची ‘केएन’ मालिका २००२च्या केएन७०००नंतर थांबली. इटलीची जेनेरालम्युझिक, म्हणजे आपल्याला ‘जेम’ म्हणून माहीत असलेली, बंदच पडली. वाद्य वाजत राहतं, पण त्याच्यासाठी जमवलेल्या, बांधलेल्या स्टाइलींचं भांडार पुढच्या यंत्रात जात नाही. कंपनी निवडताना तुम्ही पुढच्या पंधरा वर्षांच्या भांडाराची जागा निवडत असता.

हे भांडार एका कंपनीतून दुसरीत का जात नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. यामाहाची स्टाइल आतून मिडी फाइलच असते. साथीचे आठ भाग: ठेक्याचे दोन, बास, कॉर्डचे दोन, पॅड, आणि छोट्या फ्रेझचे दोन. हे बहुधा सी मेजर सेव्हन्थवर वाजवून ठेवलेले असतात. तुम्ही दुसरा कॉर्ड धरलात की कोणता सूर कुठे हलवायचा याचे नियम फाइलीतच लिहिलेले असतात. कॉर्गचेही आठच भाग: ड्रम, पर्कशन, बास आणि साथीचे पाच. पण तिचे सूर हलवायचे नियम वेगळे आणि आवाजांचे क्रमांक वेगळे. गंमत म्हणजे दोघांच्या फाइलींची शेपटी ‘एसटीवाय’च असते आणि एकीची दुसरीला कळत नाही. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर मिळतात. त्यांतून ठेका येतो, बास बऱ्यापैकी येतो, पण तबल्याच्या जागी कधी काउबेल वाजते आणि मायनरवर गिटारचा एखादा सूर चुकीच्या घरात पडतो. हाताने दुरुस्त करायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं. बाजारात मराठी-हिंदी गाण्यांच्या तयार स्टाइली विकणारे आहेत. तुम्ही ज्यांच्याकडून घेणार ते कोणत्या कंपनीसाठी बांधतात, तुमच्या मॉडेलवर त्या वाजवून दाखवतात का, हे आधी विचारा. तुमच्या शहरातले चार चांगले कीबोर्डवाले जी कंपनी वापरतात तीच घेण्यात शहाणपण आहे, असं मी म्हणतो ते यासाठी. स्टाइल मागता येते, अडलं तर विचारता येतं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तुमचं वाद्य बंद पडलं तर तुमचाच पेनड्राइव्ह त्यांच्या वाद्यात घालता येतो.

उरलेल्या गोष्टी हमालीच्या आहेत, पण कार्यक्रम त्यांच्यावरच अडतो. एसएक्स९०० साडेअकरा किलोंचा, त्यावर केस. तो तिसऱ्या मजल्यावरून तुम्हीच उतरवणार असाल तर ७६ पट्ट्यांच्या जेनोसची स्वप्नं बघताना पाठीला विचारा. जेनोसमध्ये आणि कॉर्गच्या पीए५एक्समध्ये अंगभूत स्पीकर नाहीत. घरी सरावालाही बाहेरचा स्पीकर लागतो. एसएक्स९०० आणि पीए१०००मध्ये आहेत. ठेक्याचा आवाज वेगळ्या जॅकमधून बाहेर काढता येतो का हे पाहा, कारण साउंडवाल्याला ढोल आणि व्हायोलिन एकाच फेडरवर मिळाले तर तो काहीच करू शकत नाही. वाद्य बाहेरच्या अडॅप्टरवर चालत असेल, जसं एसएक्स९००, तर दुसरा अडॅप्टर केसमध्ये असलाच पाहिजे. जनरेटरवरच्या कार्यक्रमाला मध्ये एक छोटा यूपीएस ठेवा: वीज क्षणभर गेली तर मोठं वाद्य पुन्हा सुरू होऊन तयार होईपर्यंतचा वेळ निवेदकाला विनोद सांगत काढावा लागतो. कोकणात आणि गोव्यात दमट हवेने पट्ट्यांखालच्या रबरी संपर्कपट्ट्या कुरकुरतात, एखादी पट्टी एकदम जोरात किंवा अजिबातच वाजत नाही. दुरुस्ती अवघड नसते, पण तो सुटा भाग कुठल्या शहरातून किती दिवसांत येतो हे बिल करण्याआधी विचारायचं. यामाहाचे पोर्टेबल कीबोर्ड आता चेन्नईजवळही बनतात, पण महागडी मॉडेलं बाहेरूनच येतात.

दुकानात जाताना तुमच्या कार्यक्रमातली पाच गाणी ठरवून जा आणि त्यांत एक गंधाराविना, एक पंचमाविना आणि एक रूपकातलं असू द्या. शक्य असेल तर गाणारं माणूसही सोबत न्या. उजवा हात खिशात ठेवून पहिली दहा मिनिटं फक्त डावा हात वाजवा आणि गायकाला गाऊ द्या. मधेच पट्टी एक सुराने वर घ्या. ट्रान्सपोजचं बटण न बघता बोटाला सापडतं का ते कळेल. मुखडा अचानक पुन्हा घ्यायला सांगा आणि फिल-इन दाबून परत पहिल्या व्हेरिएशनवर या. पॅनेलवर दिवा कमी करून बघा, कारण स्टेजवर प्रकाश गायकावर असतो, तुमच्यावर नाही. विक्रेता अस्वस्थ होईल, कारण त्याला डेमो वाजवून दाखवायचा असतो. डेमो ऐकू नका; तो कंपनीतल्या उत्तम वादकांनी बसवलेला असतो आणि सगळ्याच कंपन्यांचा सुंदर असतो.

नवं वाद्य घेतल्यावर जुनं लगेच विकू नये. पहिल्या काही कार्यक्रमांत नव्यावर फक्त तालमीत पक्की झालेली गाणी घ्यावीत, बाकीची जुन्यावर. दोन स्टँड लागतात, टेम्पोत जागा जास्त जाते, आयोजक कुरकुरतो. भांडार हळूहळू नव्या वाद्यात उतरतं तसतसं जुन्यावरचं काम कमी होत जातं, आणि ज्या कार्यक्रमाला जुन्याला हातच लागला नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची किंमत विचारायला हरकत नाही.